कोरा नको, मोडकाच द्या

चाकूच्या कारखान्यात माझी उभी हयात गेली, पण माझ्या हातून एकही चाकू बनला नाही. माझ्याकडे यायचे ते मोडलेले. कुणाचं पातं तुटलेलं, कुणाची मूठ फुटलेली, कुणाचा उघडला की मिटत नाही आणि कुणाचा मिटला की उघडत नाही. ही जायबंदी मंडळी उतरून घ्यायची, मालकाची समजूत काढायची आणि त्याच्या हाती नवा चाकू द्यायचा, हे माझं काम. दारावर पाटी होती 'गिऱ्हाईक समाधान खातं'. कारखान्यातले लोक मात्र 'कांबळ्यांचा दवाखाना' म्हणत. आता दवाखान्यात निदान रोग्याला बरं करायचा प्रयत्न तरी होतो. आमच्याकडे रोगी ठेवून घ्यायचा आणि नातेवाइकांच्या हाती दुसराच धडधाकट माणूस द्यायचा, अशी रीत होती.

कारखाना सांगलीत, माधवनगरच्या रस्त्याला. माल एकच, खिशात मावणारा घडीचा चाकू, कुणाला एक पातं, कुणाला दोन. बाहेरच्या माणसाला वाटतं, चाकूत असतं काय, पातं आणि मूठ. पण घडीच्या चाकूचा जीव असतो पाठीतल्या पोलादी पट्टीत. पातं उघडलं की ती ते उघडं धरते, मिटलं की मिटलेलं धरते. ती ढिली पडली की चाकू खिशातल्या खिशात उघडतो आणि मग कोपरीचं जे व्हायचं ते होतं. दुसरी गोष्ट पात्याच्या पाण्याची. पातं लाल तापवून तेलात बुडवायचं आणि पुन्हा बेतानं शेकायचं, याला पाणी देणं म्हणतात. पाणी जास्त बसलं तर पातं कडकन मोडतं, कमी बसलं तर शिळ्या भाकरीवरसुद्धा वाकतं. हे काम इमामभाई शिकलगारांचं. त्यांचे वाडवडील संस्थानच्या तलवारींना धार लावायचे. इमामभाई म्हणायचे, "बाप-दादा ने तलवारां घिसे, हमारे नशीब में पेन्सिली छीलने के चाकू."

मालक बापूसाहेब पूर्वी हळदीचे अडते होते. पोलाद घ्यायला म्हणून ते एकदा मुंबईला गेले. तिथं कुणा दलालानं त्यांना एक परदेशी चाकू दाखवला आणि सांगितलं, की हा मोडला तर कंपनी काही न विचारता नवा देते, जन्मभर. बापूसाहेब पोलाद आणायचं विसरले आणि ही कल्पना घेऊन परत आले. आठवड्याभरात आमच्या डबीवर छापून झालं: 'मोडला तर आमचा, टिकला तर तुमचा.'

मी विचारलं, "बापूसाहेब, ही हमी किती दिवसांची?"

"जन्मभराची."

"कुणाच्या जन्माची? चाकूच्या का माणसाच्या?"

बापूसाहेबांनी छताकडे बघून विचार केला आणि म्हणाले, "जो आधी जाईल त्याच्या."

इथून माझ्या खात्याला बरकत आली. आपला समाज तसा भोळा नाही. 'काही न विचारता' हे शब्द त्याला बरोब्बर कळतात. तासगावकडचे एक शेतकरी आमच्या चाकूनं गुळाची ढेप फोडायचे. ढेपेला हातोडा लागतो हे त्यांना माहीत होतं, पण हातोड्याला हमी नव्हती. चाकू मोडला की ते यायचे, बाकड्यावर बसायचे, चहा प्यायचे आणि नवा घेऊन जायचे. शेवटी बापूसाहेबांनी त्यांच्यासाठी मुद्दाम जाड पात्याचा एक चाकू करवून घेतला. तो काही केल्या मोडेना, तेव्हा ते फार नाराज झाले. म्हणाले, "आवं, ह्यानं सांगलीची फेरीच बंद पडली की माजी."

महाबळेश्वरच्या एका हॉटेलचे व्यवस्थापक होते. तिकडच्या पावसात भिंतीला शेवाळ चढतं, तिथं पोलादाची काय कथा. ते भाद्रपदात एक गोणपाट पाठवायचे. आत गंजून लाल झालेले सगळे चाकू. दिवाळीच्या गर्दीला पाहुणे आले की टेबलावर आमचे नवे कोरे चाकू. आमच्याच जिवावर त्या हॉटेलची स्वच्छतेबद्दल ख्याती झाली. आणि कऱ्हाडच्या एका गृहस्थांनी तर भलत्याच कारखान्याचा मोडका चाकू आणून दिला. मी त्यांना पात्यावरचं दुसऱ्याचं नाव दाखवलं. ते म्हणाले, "त्या लोकांची हमी नाही ना, म्हणून इकडे आलो." मी बापूसाहेबांकडे गेलो. बापूसाहेब म्हणाले, "द्या बदलून. दुसऱ्याकडं नांदत नाही म्हणून आपल्या दारात आलीय, तिला परत लावायची का?"

एवढ्यानंही त्यांचं समाधान झालं नाही. बदलून दिलेला माल जुनाच घासूनपुसून दिलाय, असा कुणाला संशय यायला नको, म्हणून त्यांनी प्रत्येक डबीला एक कागदी पट्टी चिकटवायला लावली. तिच्यावर ठळक अक्षरांत होतं: 'कोरा माल. आपल्याआधी कुणाचाही हात लागलेला नाही.' वास्तविक तो चाकू इमामभाईंपासून निघून कितीतरी हातांतून फिरत यायचा. शेवटचा हात माझा, कारण पट्टी मीच चिकटवत होतो. 'कुणाचाही हात लागलेला नाही' हे वाक्य रोज स्वतःच्या हातानं चिकटवताना मला मौज वाटायची. आमच्या घरानं छप्पन्न सालीच धम्म घेतला होता, पण गिऱ्हाइकांनी जुनी खाती बंद केली होती असं नाही. ज्यांच्या गावी माझ्या हातचं पाणी चाललं नसतं, त्यांच्या खिशात माझ्या हातचे चाकू बिनबोभाट चालत होते.

बदलून घेतलेले मोडके चाकू मी टेबलाखालच्या लाकडी खोक्यात टाकायचो. खोकं भरलं की भट्टीला जायचं. मोडलेला माल परत कुणी मागेल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पासष्ट सालची लढाई थांबली होती, पण फौजा अजून सरहद्दीवरच होत्या. मार्गशीर्ष महिना लागलेला. एक दिवस सकाळी एक म्हातारबाबा दारात उभे राहिले. डोक्याला पांढरा पटका, खांद्यावर काळी घोंगडी. त्यांनी कोपरीच्या आतून आमचीच एक डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"रामराम. गाऱ्हानं ऐकनारं सायेब तुमीच का?"

"मीच. बसा. काय झालं चाकूला?"

"काय बी झालं न्हाई. त्येचंच तर गाऱ्हानं हाय."

मी डबी उघडली. आत लखलखीत नवा चाकू. ग्रीससुद्धा पुसलेलं नव्हतं.

"अहो बाबा, हा तर चांगला आहे."

"व्हय. ह्यो कोरा घ्या आन आमचा मोडका द्या."

इतक्या वर्षांत माझ्यापुढं नाना तऱ्हेचे लोक बसले होते, पण नवा परत करून मोडका मागणारा हा पहिलाच. मी चहा मागवला. म्हाताऱ्यांना गावात तात्या म्हणत. गाव माण तालुक्यातलं, दहिवडीच्या अंगाला. पाऊस नाही, पाटाचं पाणी नाही, मेंढरं आणि पलटण यांच्यावर चाललेलं गाव. त्यांचा मुलगा सर्जेराव पलटणीत होता. त्यानं आपला बिघडलेला चाकू तिकडूनच टपालानं आम्हाला पाठवला होता आणि नवा घरी पाठवा, मी लग्नाला येणारच आहे, असं कळवलं होतं. त्याप्रमाणे आम्ही पाठवलाही होता. पण सर्जेरावाची रजा रद्द झाली.

"मग लग्न पुढं ढकलायचं," मी म्हटलं.

"तुमास्नी वाटतंय तेवढं सोपं न्हाई सायेब," तात्या म्हणाले. "पोरगी पल्याडच्या गावची. तिला बाप न्हाई. चुलता हाय, आप्पा. समदा कारभार त्येच्या हातात. फलटनचा येक बिजवर बागाईतदार त्यानं हेरून ठेवलाय. पाटाचं पानी, ऊस, समदं हाय. आप्पा म्हनतोय, ह्यो मुहूर्त टळला तर पोरगी फलटनला दिनार."

"आणि पोरगी काय म्हणते?"

"पोरीला कोन इचारतंय? पर तिची आय माझ्या कारभारनीपाशी रडली. बिजवराच्या लेकी हिच्यापरास मोठ्या हाईत."

मग गावातल्या जाणत्यांनी एक तोड काढली. नवरा मोहिमेवर अडकला तर त्याच्या तलवारीशी लग्न लावायची आमच्याकडे जुनी चाल आहे. त्याला खांड्याशी लग्न लावणं म्हणतात. पाटावर नवऱ्याच्या जागी खांडा ठेवायचा, मध्ये अंतरपाट धरायचा, अक्षता टाकायच्या. लग्न पक्कं. आता तात्यांच्या घरी तलवार कुठली? पण शिपायाचा चाकू होता. जाणत्यांनी निवाडा दिला, पातं कसलंही चालेल, मात्र ते नवऱ्याच्या हातचं पाहिजे. भावकीपुढे आप्पाला नाही म्हणता आलं नाही.

"मंग भावकी बसली," तात्या सांगू लागले. "म्या डबी आनली. फोडली न्हवती, म्हनलं मुहूर्तालाच फोडू. आप्पानं समद्यांम्होरं पट्टी मोठ्यांदा वाचली. कुनाचाबी हात लागल्याला न्हाई. मंग मला म्हनतो, आवं तात्या, ज्येला कुनाचाच हात लागला न्हाई त्येच्याशी लगीन लावलं तर पोरगी जल्मभर कुवारीच ऱ्हायची की."

मी मान खाली घातली. पट्टी मीच चिकटवली होती, आणि अगदी सरळ चिकटवली होती.

मी खोकं बाहेर ओढलं. ते काठोकाठ भरलेलं होतं. कुठला चाकू कुणाचा, याची खूण ठेवायची आमची पद्धतच नव्हती. गिऱ्हाइकाला काही विचारायचं नाही, तर त्याच्या चाकूला तरी काय विचारणार? तात्यांनीही मुलाचा चाकू कधी नीट पाहिला नव्हता. मी बापूसाहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून हळूच म्हटलं, "ह्यातला एखादा जुनाट बघून देऊन टाकू. कोण ओळखतंय?"

बापूसाहेबांचा चेहरा असा झाला, की मी जणू हळदीत विटकर मिसळायला सांगितली होती. खरं म्हणजे हळदीच्या पेठेत त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं, तिथं काय काय मिसळतात ते त्यांनाच जास्त ठाऊक. पण चाकूच्या बाबतीत ते संत होते. "कांबळे, दुसऱ्याचा चाकू त्या पोरीच्या नवऱ्याच्या पाटावर ठेवायचा? गिऱ्हाइकाचा तळतळाट घ्यायचा नाही मला. आख्खं खोकं गाडीत घाला. तिथं ओळखतील."

बापूसाहेबांकडे लष्करानं लिलावात काढलेली एक जीप होती. पुढं बापूसाहेब आणि तात्या, मागं खोकं, मी आणि इमामभाई. इमामभाईंना का घेतलं, तर जागेवर दुरुस्ती लागली तर असावेत म्हणून. एका मोडक्या चाकूसाठी मालक, कारागीर आणि कारकून गिऱ्हाइकाच्या दारी निघाले होते. अशी सेवा त्या परदेशी कंपनीनंही दिली नसती.

तात्यांच्या गावात मारुतीच्या देवळापुढं दोन्हीकडची भावकी जमली होती. आप्पा बाजेवर बसले होते. उंच, देखणा गडी, मिशीला पीळ. बापूसाहेबांशी रामराम झाला. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "पाव्हन्यांचं आडनाव काय?"

मी सांगितलं.

"बरं बरं," आप्पा म्हणाले आणि बाजेवर जरा पलीकडे सरकले, जागा द्यायला नव्हे.

चहा आला. सगळ्यांना कपबशा, मला कान तुटलेला कप, बशीशिवाय. राग तर आला होता. राग गिळायची सवय होती, पण चव काही बदलत नाही. तेवढ्यात बापूसाहेबांनी माझ्यापुढचा कप उचलून स्वतःपुढं घेतला आणि स्वतःची कपबशी माझ्याकडे सरकवली. "मोडका माल आमच्याकडं द्यायचा," आप्पांना ते हसतमुखानं म्हणाले, "ही आमची पद्धतच आहे." त्यांनी खरोखरच त्या कपातला चहा शेवटपर्यंत प्याला. बापूसाहेबांच्या हमीची मी आयुष्यभर टिंगल केली, पण ती त्या दिवशी करावीशी वाटली नाही.

आप्पांनी तात्यांची घोंगडी मध्ये पसरायला लावली. लोकरीला विटाळ होत नाही, असा समज. म्हणजे मी खोक्यातून एकेक चाकू काढून घोंगडीवर ठेवायचा आणि घोंगडीवर टेकला की तो शुद्ध. मग आप्पा तो उचलून बघणार. इमामभाई माझ्या कानाशी म्हणाले, "पाणी हमने दिया, हात तुमने लगाया, फिर भी विटाळ गायब. ये कंबल लय काम की चीज है." मी चाकू ठेवत गेलो. आप्पा एकेक उचलून उघडून बघत आणि लोकांना विचारत, "ह्यो सर्जाचा हाय असं कोन छातीवर हात ठिवून सांगनार?" सर्जेरावाचे दोस्त होते, त्यांच्यात एकमत होईना. कुणी म्हणे काळी मूठ, कुणी म्हणे तपकिरी. एका म्हाताऱ्यानं एकदम एक चाकू उचलला, म्हणाला, "ह्यो माजा हाय." आम्ही सगळे पुढं वाकलो. पण तो स्वतःचाच चाकू सांगत होता. दोन महिन्यांपूर्वी आम्हाला दिला होता म्हणे, बदली मिळालेला मेंढरामागं हरवला, तर आता हा जुना न्यावा म्हणतो. बापूसाहेब म्हणाले, "न्या, न्या." म्हाताऱ्यानं तो कनवटीला लावला आणि घरी गेला. त्याला सर्जेरावाच्या लग्नाशी काही देणंघेणं नव्हतं.

तात्यांचा चेहरा उतरत चालला. खोक्याचा तळ दिसू लागला. आप्पांनी हात झटकले आणि लोकांकडे बघत म्हणाले, "म्या काय लगीन मोडत न्हाई बरं का. पर देवाच्याच मनात दिसत न्हाई. चाकूच घावंना, तर आता फलटनकरांना किती दिवस दारात ताटकळत ठिवायचं?" त्यांचा आवाज दुःखी होता. तो दुःखी ठेवायला त्यांना कष्ट पडत होते.

देवळाच्या पायरीपाशी बायका उभ्या होत्या. त्यातली एक मुलगी पुढं आली. अंगानं किरकोळ, डोक्यावर पदर घट्ट धरलेला. तिला ओळख करून द्यायची गरज नव्हती. तिची आई मागून "इंदे, इंदे" करत पदर ओढत होती. त्या वेळी माझ्या हातात एक चाकू होता, काळ्या मुठीचा, टोक उडालेला. तो मी घोंगडीवर ठेवायला वाकलो होतो. तिनं तो सरळ माझ्या हातातून घेतला. खाली ठेवायची वाटसुद्धा पाहिली नाही.

"ह्योच," ती म्हणाली.

आप्पा म्हणाले, "तुला काय म्हाईत?"

इंदूनं मान वर केली. "जत्रंच्या टायमाला खालच्या मळ्यात ह्यानंच त्येंनी मला ऊस सोलून दिला हुता."

लग्नाआधी पोरगी परक्या गड्याच्या हातचा ऊस खाते आणि तो चाकू लक्षात ठेवते, आणि हे सगळं देवापुढं, भावकीपुढं सांगते. आप्पांच्या मिशीचा पीळ तसाच होता, पण खालचं तोंड उघडं राहिलं. आता फलटणच्या बागायतदाराकडे कुठल्या तोंडानं जाणार? ही गोष्ट त्यांच्याआधीच फलटणला पोचली असती. एका जाणत्यानं घसा खाकरून म्हटलं, "आता आप्पा, लवकरात लवकर उरकलेलं बरं."

तात्यांनी इंदूच्या हातातून चाकू घेतला आणि कपाळाला लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आप्पांनी तो हातात घेऊन पाहिला नाही.

आणि मी? माझा सगळा राग तिथल्या तिथं निवला होता. सगळं गाव घोंगडीच्या आड उभं असताना एका पोरीनं माझ्या हातातून वस्तू घेतली होती. कुणी मला त्या दिवशी जहागीर दिली असती तरी इतकं बरं वाटलं नसतं.

लग्न लागलं. आम्हाला आवतण होतं, आम्ही तिघंही गेलो. नवरदेवाच्या हातातल्या कट्यारीला लिंबू टोचतात तसं या चाकूलाही टोचायचं होतं, पण टोकच उडालेलं. इमामभाई पुढं होऊन म्हणाले, आत्ता घासून देतो. सगळे ओरडले, हात लावू नका. शेवटी लिंबू दोऱ्यानं बांधलं. पाटावर तो चाकू, त्याला मुंडावळ्या, आणि अंतरपाटापलीकडे इंदू. बापूसाहेबांनी अक्षता टाकल्या त्या एखाद्या वरबापाच्या थाटात. परतताना जीपमध्ये म्हणाले, "कांबळे, आपला माल बोहल्यावर चढला."

पुढं फौजा मागं आल्या, रजा सुटल्या. उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस सर्जेराव आणि इंदू माझ्या टेबलापुढं उभे राहिले. नरसोबाच्या वाडीला जोडीनं दर्शनाला निघाले होते, वाटेत उतरले. सर्जेराव आडव्या हाडाचा, लाजरा गडी. बापूसाहेब स्वतः बाहेर आले, इमामभाई हात पुसत आले, पेढे मागवले. सर्जेरावानं रुमालात बांधलेला तो चाकू काढून टेबलावर ठेवला.

"ह्येला जरा टोक काढून द्या सायेब."

"टोक कशाला? नवा घ्या की," बापूसाहेब म्हणाले. "मात्र हा जपून ठेवा. तुमच्या हातचा चाकू, तुमचं लग्न लावलंय त्यानं."

सर्जेरावानं इंदूकडे बघितलं, मग जमिनीकडे. "सायेब, ह्यो माजा न्हाई. माज्या चाकूला डबा फोडायचं दुसरं पातं बी हुतं."

बापूसाहेब खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मी उडताना बघितला. ज्याच्या हातचा चाकू त्याच्याशी लग्न, हा निवाडा त्यांनी स्वतः अक्षता टाकून मान्य केला होता. म्हणजे ही मुलगी कुणा तिसऱ्याच गिऱ्हाइकाची बायको झाली होती आणि त्याचा पत्ता आमच्याकडे नव्हता. "कांबळे," ते क्षीण आवाजात म्हणाले, "हा कुणाचा आहे ते शोधा. त्या माणसाला कळवायला पाहिजे."

"काय कळवू?" मी म्हटलं. "आपला चाकू मिळाला, सोबत बायको?"

तेव्हा इंदू पहिल्यांदा हसली. म्हणाली, "बापूसायेब, नका जिवाला लावून घेऊ. चाकू मी वळखलाच न्हवता. कवा बघितल्यालाच न्हवता. ह्यांस्नी तरी कुठं बघितलं हुतं?"

"आणि ऊस?" मी विचारलं.

"आमच्या खालच्या मळ्यात कुसळं बी नीट उगवत न्हाईत, ऊस कुठला? ह्यांची भावकी आमचा मळा बघायला येनार हुती व्हय? मी परक्याच्या हातचा ऊस खाल्ला म्हनलं की फलटनकर परत दारात यायचा न्हाई, येवढंच ठावं हुतं. ह्यांस्नी पयल्यांदा बघितलं ते परवा यष्टीच्या स्टँडावर. चार पलटनवालं उतरलं. चाकू उचलताना न्हाई, पर तिथं मातूर मी इचारूनच फुडं झाले."

सर्जेराव इतका हसला, की त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं. तो ते गटागटा प्याला. मला एक गोष्ट मनात राहिली होती, ती विचारल्यावाचून राहवेना.

"पण इंदूबाई, घोंगडीवर एवढे पडले होते. त्यातला न उचलता माझ्याच हातातला का घेतलास?"

ती जरा घुटमळली. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, राग मानू नका. घोंगडीवरचा उचलला असता तर आप्पांनी माज्याकडनं घिऊन उलटासुलटा करून धा सवाल इचारलं असतं. तुमच्या हातातनं आल्याला त्ये हातात धरनार न्हाईत, ह्ये मला ठावं हुतं."

सर्जेराव पेढ्याकडे बघत राहिला, बापूसाहेब माझ्याकडे बघेनात. मार्गशीर्षापासून मी ते सुख उराशी धरून होतो, घरी बायकोला दोनदा सांगितलं होतं. ते असं टेबलावर उघडं पडलं. वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण ती खोटं बोलली नव्हती. त्या विटाळानं माझ्या बापजाद्यांचे जन्म नासवले, आणि या एवढ्याशा पोरीनं आप्पांचाच विटाळ आप्पांच्या गळ्यात अडकवून स्वतःचं लग्न लावून घेतलं. आमच्या कारखान्यानं केलेल्या कुठल्याही पात्याला अशी धार नव्हती.

"बरं केलंस, पोरी," मी म्हटलं, आणि चाकू इमामभाईंकडे टोक काढायला दिला.